बैलाचा मंगळवार

जव्हारजवळच्या साखरशेत गावात मंगळवारी नांगर जुंपत नाहीत. बैल सुटे, माणसं ओट्यावर. मला या प्रथेची चीड होती. ठाण्याला शिकताना मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलो. शरीर कमवा, आळस झाडा, गुलामगिरी आपोआप गळेल, असली वाक्यं मला तोंडपाठ.

जव्हारच्या तलावात दसऱ्याला संस्थानच्या दरबारासमोर पोहण्याची शर्यत होई. जिंकत नेहमी मानकऱ्यांच्या घरचे. माझा आतेभाऊ साखरशेतचा शेतकरी. भरल्या नदीतूनही गाणं म्हणत पलीकडे जायचा. शर्यतीची हौस त्याला नव्हती, ती माझी. यंदा डोंगरातला माणूस पहिला आलाच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

भाद्रपदात मी त्याच्याच घरी मुक्काम ठोकला. पहाटे नदीच्या डोहात सराव, दिवसभर शेत, संध्याकाळी पुन्हा डोह. सुरुवातीला त्याचा वेग वाढला आणि मला चेव आला. मंगळवारीही मी त्याला उठवलं.

आत्या दारात आडवी आली. "बैलालाबी मंगळवार हाय. माझ्या लेकाला नाय का रं?"

"बैल शर्यत जिंकत नाही, आत्या."

"बैलाला तुजं भाषान पन ऐकाय लागत नाय," भाऊ म्हणाला आणि हसत माझ्यामागून आला. त्याचं ते हसणं मी संमती समजलो.

पुढे तो मंदावत गेला. नागलीची भाकर अर्धी टाकून उठायचा. दमून आडवा व्हायचा, पण झोप लागत नसे. "छातीत ढोल वाजतो रं, पडल्या पडल्या," तो म्हणाला. सर्दी हटेना, हात जड झाले. पाण्यातलं गाणं कधी थांबलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. एकदा त्याने शेतात बैलाच्या तोंडावर काठी मारली. जन्मात त्याने जनावरावर हात उगारला नव्हता. काठी टाकून तो बांधावर बसून राहिला. मी त्याला निश्चयाचं महत्त्व सांगितलं आणि डोहातल्या फेऱ्या वाढवल्या.

दसऱ्याला तो निम्म्या तलावापर्यंत पुढे होता. मग त्याचे हात थांबले. तो बुडाला नाही. उताणा होऊन आभाळाकडे बघत पडून राहिला. बाकीचे त्याला ओलांडून गेले. काठावरून कुणी ओरडलं, "अरे, खाट द्या त्याला!" लोक खदखदून हसले. होडीतून त्याला आणलं तेव्हा ओठ निळसर होते, अंग थरथरत होतं. अंगावर घोंगडी टाकायच्या आधी मी म्हणालो, "थोडंच राहिलं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखाद्या परक्या माणसाकडे पाहावं तसं.

त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही. नदीपलीकडच्या शेतावर जायचं तर पार वरच्या दगडांवरून वळसा घालतो. अंघोळही घरामागे, तांब्याने. आत्या मला जेवू घालते, पण 'पुन्हा ये' म्हणत नाही.

परवा मनाचा धडा करून गेलो. क्षमा मागायची होती. वाटेत शब्द जुळवले होते, आणि तेही पत्रकातल्यासारखेच झाले होते. भाऊ ओट्यावर पाय पसरून बसला होता. बैल सुटे होते. मी समोर उभा राहून घसा खाकरला.

"बस," तो म्हणाला. "पन आज मंगळवार हाय. आज काय मागू नको."

मी बसलो. उन्हं कलेपर्यंत आम्ही दोघे बैलांकडे बघत होतो. माझे शब्द मी तसेच परत घेऊन आलो.