केप टाऊन व्हाया पारोळा

“व्हाया?”

चौकशीच्या खिडकीत डोकं घालून कुणी विचारलं, “जळगाव गाडी कधी?”, की आतून आधी हा एवढाच शब्द यायचा. मान वर व्हायची नाही. कानामागचं पेन तेवढं हातात यायचं आणि वेळापत्रकावर टेकायचं. विचारणारा गोंधळला की मग नाना मान वर करायचे. “कुठे जायचं ते सगळेच सांगतात हो. कुठून जायचं ते सांगा.”

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत धुळ्याच्या बसस्टँडवर तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर नानांनी तुम्हालाही एकदा तरी असं अडवलं असेल. ते तिथे वाहतूक नियंत्रक होते. मी जळगावहून धुळ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात अप-डाऊन करते, सोळा वर्षं झाली. रोज तोच रस्ता, तरी नाना रोज विचारायचे, “ताई, आज व्हाया पारोळा की व्हाया अमळनेर?” मी म्हणायचे, “जी आधी लागेल ती.” यावर ते माझ्याकडे असे बघायचे, की आपण काहीतरी अशिक्षितासारखं बोललो असं मला वाटायचं.

आता गंमत ऐका. अख्ख्या जिल्ह्याला गाडीत बसवणारा हा माणूस स्वतः गाडीत बसत नसे. नानांना उलट्या व्हायच्या. इंजिन सुरू झालं की मळमळायला लागायचं, आणि धुळ्याबाहेरचं पहिलं गाव फागणे, ते येईपर्यंत नानांचं डोकं खिडकीबाहेर. आगारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर कुणी बोलत नसे.

मला ते सांगितलं नानांच्या बायकोने. त्यांना सगळे अक्का म्हणतात. लग्नाचं वऱ्हाड बसने धुळ्याला परत येत होतं, तेव्हाची गोष्ट. “पहिली ओकारी मन्हा शालूवर,” असं अक्का हसत हसत सांगतात. त्यानंतर नाना त्यांच्याबरोबर कधी गाडीत बसले नाहीत. अक्कांना तर फिरायची भारी हौस. मग त्या बहिणीला घेऊन निघायच्या. द्वारका झाली, रामेश्वर झालं, काश्मीर झालं. दरवेळी नाना त्यांना खिडकीपाशी बसवायचे, पाण्याची बाटली द्यायचे, खाली उतरायचे आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत फलाटावरून हात करायचे.

नानांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला मी होते. शाल झाली, नारळ झाला. प्रत्येक जण उठून सांगत होता की आता नानांनी फिरावं. नानांनी सगळ्यांसमोर अक्कांना विचारलं, “बोल, कुठे जायचं राहिलं तुझं?”

अक्कांनी पदर सावरला. “भारत ते बठ्ठा देखी टाका मी. आते आफ्रिकाच ऱ्हायना.”

सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी कानामागचं पेन काढलं आणि विचारलं, “व्हाया?”

सोमवारी ते माझ्या ग्रंथालयात हजर. “ताई, मोठा नकाशा काढा.” मी काढला. त्यांनी खिशातून दोरा काढला, कैरोपासून केप टाऊनपर्यंत नकाशावर लावला आणि त्या दोऱ्याकडे बराच वेळ बघत बसले. पंधरा दिवसांत तक्ता तयार झाला. थांबा, व्हाया, पोहोचण्याची वेळ, सुटण्याची वेळ, चहापाणी, रात्री मुक्काम. इतक्या सुबक अक्षरात आफ्रिका खंड कुणी लिहून काढलं नसेल.

लुसाका नावाच्या थांब्यासमोर लिहिलं होतं, सहा पंधरा.

“नाना, ही वेळ तुम्हाला कुणी सांगितली?”

“सांगायचं काय त्यात? सकाळची पहिली गाडी सव्वासहालाच असते.”

अक्कांनी टीव्हीवर एक प्रचंड मोठा धबधबा पाहिला होता. नानांनी त्याच्यासाठी वीस मिनिटं ठेवली होती. मी म्हटलं, जन्मात एकदा जाणार आणि वीस मिनिटं? त्यांनी विचार केला, वीस खोडून तीस केले. सुदानमध्ये लढाई चालू आहे हे मी दाखवलं, तेव्हा लाल पेनने ‘रस्ता बंद’ असं लिहून सुरुवात थेट नैरोबीपासून केली. नैरोबीपर्यंत विमान. विमानाची त्यांना धास्ती नव्हती. “त्याला खड्डे लागत नाहीत,” असं त्यांचं मत.

घात केला तो एका फोनने. पुण्याच्या लेकीने त्यांना टांझानियातल्या एका बसस्टँडवरच्या माणसाचा नंबर मिळवून दिला. नाना खूश. कंट्रोलरने कंट्रोलरशी बोलायचं, त्यात अवघड काय? इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. मी विचारलं, तुमच्याकडच्या छोट्या गाड्या किती वाजता सुटतात? पलीकडचा माणूस मनापासून हसला आणि म्हणाला, भरल्या की सुटतात.

मी तसं सांगितलं. नाना म्हणाले, “भरली की? म्हणजे काळी-पिवळी?”

आमच्याकडे काळी-पिवळी म्हणजे स्टँडबाहेर उभ्या असणाऱ्या जीपगाड्या. सहाच्या जागी बारा बसवायचे आणि भरली की निघायचं. नानांचं त्यांच्याशी उभं वैर. दिवसातून तीनदा शिट्टी घेऊन ते त्यांना हाकलायला जायचे, त्यातही पारोळा लाइनवाल्या सलीमभाईला जास्त. आणि आता कळलं, की अर्धी आफ्रिका सलीमभाईच चालवतो.

नानांनी तक्त्याची घडी घातली आणि निघून गेले. दोन दिवस फिरकले नाहीत. खरं सांगते, मला थोडं हायसंच वाटलं. ओळखीचं माणूस एवढ्या लांब निघालं, की आपण आहोत तिथेच आहोत हे टोचत राहतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टँडकडे चालले होते, तर नाना सलीमभाईच्या जीपपाशी उभे. हातात लिंबू.

त्यांनी मनाशी अट घातली होती. काळी-पिवळीने पारोळ्यापर्यंत सलग तीनदा कोरड्या तोंडाने जाऊन दाखवायचं. जमलं तर तिकिटं काढायची. नाही जमलं तर तक्ता फाडायचा आणि अक्कांपाशी विषय काढायचा नाही. अक्कांना हे सांगितलं नव्हतं, पण घरातली लिंबं संपत होती. “फागणालगुन जावाले चार लिंबू लागतंस यास्ले, नि चालनात आफ्रिका,” असं त्या मला म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण मग बाजाराच्या यादीत पहिलं लिंबूच लिहिलं.

सोबत म्हणून मीही जीपने जाऊ लागले. पारोळ्याहून पुढे मला बस मिळायची. पहिल्या दिवशी नाना फागण्याला उतरले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मुकटीपर्यंत गेले आणि रस्त्याच्या कडेला वाकून उभे राहिले. सलीमभाईने बिचाऱ्याने जुन्या वैराचा सूड कधी उगवला नाही. पुढची खिडकी राखून ठेवायचा, घरून ओवा आणायचा. चौथ्या दिवशी उतरताना नाना म्हणाले, “ताई, उद्या शेवटचं.”

पाचव्या दिवशी सलीमभाईचा घसा बसला होता. गाडीत आम्ही चौघंच, आणि भरल्याशिवाय ती हलणार नव्हती. तो कसाबसा म्हणाला, “नाना, आज हाक तुम्ही मारा ना.”

नाना भडकले. तीस वर्षं ज्यांना हाकललं, त्यांच्यासाठी पॅसेंजर बोलवायचे? पण पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी ते खाली उतरले, कानामागचं पेन नीट केलं आणि ओरडले, “पारोळा! व्हाया फागणे, मुकटी, पारोळा!”

काळी-पिवळीने व्हाया सांगितल्याचं धुळ्याने पहिल्यांदाच ऐकलं. लोक बघायला लागले, मग चढायला लागले. गाडी भरली. सुटली तरी नाना थांबेनात. “फागणेवाले दाराशी या. मुकटी पुढचा थांबा. आजी, पिशवी सांभाळा.” सगळा रस्ता त्यांनी घोषणा केल्या. कोण कुठे उतरणार, कुणाची पिशवी कुठली, या भानगडीत त्यांचं पोटाकडे लक्षच गेलं नाही.

पारोळ्याला किल्ल्यापाशी उतरलो, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

“ताई, मला काही झालं का?”

“नाही.”

“काहीच नाही?”

ते तिथल्याच एका दुकानाच्या पायरीवर बसले. न कापलेलं लिंबू खिशातून काढून माझ्या हातात दिलं. “मी तिला कितीदा गाडीत बसवलं, ताई,” ते म्हणाले. “शेजारी एकदाच बसलो.” आणि रुमाल शोधायला लागले. माझेही डोळे भरून आले. मी उगाच बसची पाटी वाचत उभी राहिले.

पुढचे दोन दिवसही नाना बोलत गेले आणि कोरडे उतरले. तिकिटं निघाली. जायच्या आधी मला म्हणाले, “तुम्ही पण चला.” मी म्हटलं, “माझी रजा कुठली मंजूर व्हायला?”

“अर्ज केला का?”

मी केला नव्हता.

आता त्यांना जाऊन तीन आठवडे झाले. चौकशीच्या खिडकीत नवा माणूस आहे. चांगला आहे, गाडीची वेळ झटकन सांगतो. व्हाया विचारत नाही. मीच परवा न विचारता सांगून टाकलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. सलीमभाई मात्र हल्ली हाक मारताना फागणे आणि मुकटी घातल्याशिवाय राहत नाही. मला नानांची फार आठवण येते. धुळ्याचा स्टँड तोच आहे, पण संध्याकाळी तिथे उभं राहायला मला आवडेनासं झालंय.

काल परतताना मुकटी सुटलं आणि मोबाइल वाजला. नानांनी पाठवलेला आवाज होता. मी फोन कानाला लावला. इंजिनाची घरघर, कुठलं तरी परक्या भाषेतलं गाणं, आणि त्यात नाना, “मोरोगोरो गेलं. आता मिकुमी. मग इरिंगा. मग म्बेया, मुक्काम.”

मागून अक्कांचा आवाज. “हळू बोला. लोके देखी ऱ्हायनात.” जरा वेळाने, “अहो, तो देखा जिराफ. या ना इकडे, खिडकीपाशी बठा.”

“तूच बठ,” नाना म्हणाले. “मी शे ना बाजूले.”

रेकॉर्डिंग थांबवायचं नानांच्या बराच वेळ लक्षात आलं नसावं, पुढे नुसती त्यांची गाडी चाललेली ऐकू येत होती. मी ऐकत बसले. पारोळा आलं तरी ती चालूच होती.