फोटोच्या शेजारची जागा

कुंदा गेल्याचा निरोप आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आला. इमारत आता नाही, ग्रुप आहे. तिच्या मुलाने, समीरने, दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यांच्या वर कुणाचं तरी फुलांचं सुप्रभात होतं आणि खाली लगोलग जोडलेल्या हातांची रांग लागली. मी डोंबिवलीच्या भाड्याच्या घरात मेथी निवडत बसले होते. मीही जोडलेले हात पाठवले आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली. तिला भेटायचं राहून गेलं, असं नव्हतं. आदल्याच आठवड्यात शहाडला जाऊन आले होते. पलंग खिडकीशी लावलेला, खिडकीतून उल्हास नदीचा जेमतेम तुकडा दिसणारा, आणि तिच्या मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. तळमजल्यावरच्या सावंतांच्या मोठ्या सुनेचं माहेरचं नाव काय, असं तिने मला विचारलं. मला आठवेना. "मलाही नाही आठवत," ती म्हणाली आणि तिने लॅपटॉप मिटला. काम अर्धवट टाकून तिने तो मिटलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

वर्तकनगरला आमची दारं समोरासमोर होती. ती वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली, पुढे त्याच खुर्चीत संगणक शिकली आणि तिथूनच निवृत्त झाली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. तिचं बोलणं भराभर, माझं मोजकं. त्यामुळे आमच्या दोघींत कोणी बोलायचं हा प्रश्न कधी आला नाही. इमारत पाडून नवी बांधायचं नक्की झालं, तेव्हा सोसायटीच्या सभेत कुणीतरी सुचवलं की घरं सोडण्याआधी एक स्मरणिका काढावी. प्रत्येक घराने एक जुना फोटो द्यायचा, खाली नावं छापायची, आणि निरोपाच्या दिवशी सगळ्यांच्या हातात एकेक प्रत द्यायची. टाइप करणं कुंदाकडे आलं आणि शुद्धलेखन माझ्याकडे. दोन महिन्यांत होईल, असं आम्हा दोघींनाही वाटलं होतं.

फोटो येऊ लागले. अल्बमला चिकटून पाठ फाटलेले, कडा पिवळ्या झालेले, काही मोबाइलवर काढलेले फोटोचे फोटो. कुंदा ते वर्डच्या फाइलमध्ये घालायची आणि प्रत्येक फोटो एकटाच एका ओळीत जाऊन बसायचा. मजकूर वर तुटायचा, खाली सुरू व्हायचा, मध्ये नुसता पांढरा पट्टा. मग ती फोटोवर क्लिक करून मजकूर त्याच्या बाजूने वाहील असं करायची. दर फोटोला तेच. एका दुपारी ती वैतागली आणि चहा निवत ठेवून प्रोग्रॅमच्या सगळ्या सेटिंग्ज उघडत बसली. फोटो कसा बसवायचा हे एकदाच सांगून ठेवायची जागा तिला सापडली. तिथे तिने 'मजकूर भोवती' अशा अर्थाचा पर्याय निवडला आणि गच्चीवरच्या हळदीकुंकवाचा फोटो घालून पाहिला. शब्द हलले आणि फोटोच्या उजवीकडे जाऊन बसले.

"बघ, सरकून बसले," ती म्हणाली. "आपल्या बायकांना हे कधी जमलं नाही."

आधी घातलेल्यांपैकी जे हाताने बसवायचे राहिले होते, ते मात्र तसेच ओळीत राहिले. ती सोय फक्त यापुढे येणाऱ्यांसाठी होती. त्या जुन्यांकडे नंतर बघू, असं तिने ठरवलं.

कच्ची प्रत काढली तेव्हा घोटाळा कळला. फोटोच्या बाजूला भरपूर जागा, आणि नावं दोन-तीन ओळींत संपणारी. उरलेल्या जागेत खालचा मजकूर वर चढून बसला होता. परबकाकांच्या फोटोखाली दिवंगत रहिवाशांची यादी सुरू होत होती, त्यामुळे हसऱ्या परबकाकांच्या खांद्याशी 'भावपूर्ण श्रद्धांजली' आलं होतं. काका कागद हातात घेऊन वर आले. "गो कुंदा, माका खंय धाडलंस?" एवढंच म्हणाले आणि सोफ्यावर बसून हसत राहिले. घर रिकामं करायची नोटीस सोसायटीकडून आली आहे, वरून अजून आलेली नाही, असंही त्यांनी ऐकवलं. पुढे महिनाभर जिन्यात भेटले की ते मला आपली तब्येत उत्तम असल्याचं आपणहून कळवत.

छपाईवाल्याने सोपा उपाय सांगितला होता. नावं संपली की मजकूर तिथेच तोडायचा, बाजूची जागा कोरी सोडायची. कुंदाला ते पटलं नाही. "जागा मोकळी सोडली की कुणीतरी येऊन बसतं. वर्तकनगरमध्ये राहून तुला एवढं माहीत नाही?" आणि ती जागा भरायची म्हणून तिने लिहायला घेतलं. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केलेली बाई. स्वतःचं असं तिने कधी काही लिहिलेलं मला माहीत नव्हतं. हळदीकुंकवाच्या फोटोशेजारी तिने लिहिलं, की कोपऱ्यातल्या देशमुखबाई रागावलेल्या नाहीत, त्यांनी नवीन कवळी बसवली होती. कांबळ्यांच्या फोटोशेजारी लिहिलं, की जयंतीच्या दिवशी त्यांच्याकडची खीर खायला आमची मुलं एकदा आपल्या नावाने आणि एकदा आजारी भावंडाच्या नावाने जात, आणि कांबळेवहिनी दोन्ही वेळा वाटी भरून देत. परबकाकांच्या शेजारी त्यांच्या पाण्याच्या मोटारीवरच्या पहाऱ्याचं लिहिलं. फोटोची उंची संपेपर्यंत ती लिहायची आणि बरोबर शेवटच्या ओळीला थांबायची. मी ऱ्हस्वदीर्घ सुधारायची. बाकी कशाला हात लावावासा वाटला नाही.

स्मरणिका वेळेवर झाली नाही. निरोपाच्या कार्यक्रमात भाषणं झाली, बटाटेवडे झाले, पुस्तक मागाहून घरपोच देऊ असं जाहीर झालं. मग माणसं पांगली. कुणी कल्याणला, कुणी बदलापूरला, मी डोंबिवलीला, कुंदा समीरबरोबर शहाडला. काही महिन्यांतच तिच्या पोटात गाठ निघाली. उपचार सुरू झाले, केस गेले, काम चालूच राहिलं. ती घरोघरी फोन करायची. या फोटोतली निळ्या साडीतली कोण, हा मुलगा कुणाचा, त्या दिवशी होतं काय... सुरुवातीला लोक तासभर बोलत. पुढे, आठवून सांगतो, म्हणू लागले. पुढे फोन उचलेनासे झाले आणि ग्रुपवर नुसते अंगठे येऊ लागले. परबकाका गेले. ज्यांना नक्की आठवत होतं ती माणसं अशी एकेक कमी होत गेली.

समीर चिडायचा. तिच्या काळजीनेच चिडायचा. "आई, नावं टाक आणि संपव ना. कोण वाचणार आहे?" मीही एकदा चाचरत तेच सुचवलं. ती माझ्यावर रागावली नाही.

"नावं तरी कुठे सगळी आहेत, वसू? तुला निम्मी माहीत आहेत, मला जरा जास्त. मी गेले की या फोटोंत नुसती माणसं उरतील."

कुणी वाचणार नाही हे तिलाही कळत होतं, असं मला वाटतं. नव्या इमारतीचा पाया अजून भरलेला नाही, आणि तिथे परत राहायला जाण्याबद्दल आताशा कुणी बोलत नाही.

दिवसकार्य झाल्यावर समीरने मला फाइल पाठवली. वसूमावशी, जमलं तर पूर्ण करा, असं लिहिलं होतं. सुरुवातीचे काही फोटो अजून ओळीत एकटेच बसलेले आहेत. त्यांच्याकडे बघायचं राहिलंच. तळमजला आणि पहिला मजला बहुतेक लिहून झालाय, दुसरा निम्मा. त्याच्या पुढे तिने उरलेले सगळे फोटो एकदम घालून ठेवलेत. प्रत्येक डावीकडे, आणि उजवीकडे तिने मोजून सोडलेल्या कोऱ्या ओळी. तिथे पुढे काय यायचं होतं ते तिच्याजवळ होतं.

मी त्यातल्या दोन जागा भरल्या. माझी वाक्यं शुद्ध होती, तेवढंच; वाचून पाहिली आणि पुसून टाकली. तिसरा फोटो आमच्या जिन्यातला आहे, हे भिंतीवरच्या मीटरच्या पेट्यांवरून कळतं. पायऱ्यांवर चार माणसं बसलीत. सगळ्यात खालची बाई कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलत असावी, तोंड अर्धं उघडं आहे. या जिन्यातून मी इतकी वर्षं रोज खालीवर केलं. यांतलं कुणीही मला ओळखता येत नाही. समीरला विचारलं, त्याला माहीत नाही. ग्रुपवर फोटो टाकला. जवळजवळ सगळ्यांनी पाहिला. एकाने लिहिलं, 'छान फोटो.' दुसऱ्या कुणी विचारलं, 'कोण आहेत हे?' त्यानंतर ग्रुपवर दुसऱ्या दिवशीचं सुप्रभात आलं.

मी दुपारी फाइल उघडते आणि त्या पानावर येऊन थांबते. काल त्या कोऱ्या ओळींतल्या पहिल्या ओळीवर मी लिहिलं, 'जिन्यात बसलेली चार माणसं.' अर्धी ओळ झाली. बाकीच्या ओळी खाली त्या बाईच्या पावलांपर्यंत गेल्या आहेत... त्यांच्यात लिहायला माझ्याकडे काही नाही.