सोलो सर

सोलो सरांकडे गिटार शिकलेला एकही माणूस आज गिटार वाजवू शकत नाही. मीही त्यातलीच एक. अमरावतीत बी-बियाणांच्या एका दुकानाच्या माडीवर त्यांचा क्लास होता. खाली फवारणीच्या औषधांचा वास आणि वर आमच्या गिटारींचा कलकलाट. पहिला महिना तर आम्ही फक्त गिटार मांडीवर धरायला शिकलो. "लेकराले कसं घेता? तसं घ्या," सर सांगत. वर्गात सगळी कॉलेजची पोरंपोरी. कोणी जन्मात लेकरू घेतलं असेल असं वाटत नव्हतं, पण मान सगळेच हलवायचे.

दुसऱ्या महिन्यात बोटं तारांवर आली आणि शेंड्यांना फोड आले. सरांना त्याचा कोण आनंद! "फुटू द्या. पुन्हा येतीन, पुन्हा फुटतीन. मंग बोट तयार होते." बोट तयार होऊन तीन-चार सूर एकदम छेडायची एखादी कॉर्ड जरा स्वच्छ वाजायला लागली, की सर डोळे मिटून मान हलवायचे. "पाया कच्चा हाय. पहिल्यापासून." गाणं शिकवा म्हटलं तर पाया कच्चा, आणि एकट्यानं वाजवायचा सोलो शिकवा म्हटलं तर पुढच्या महिन्यात. तो पुढचा महिना कुठल्याच कॅलेंडरवाल्यानं छापला नाही. सरांना 'सोलो' हे नाव तेवढं पडलं. माझी आई म्हणायची, "एवढ्या दिवसात पोळ्या तरी गोल आल्या असत्या."

सर पूर्वी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात होते. "वरूडच्या संत्रेवाल्यायचं एक बी लगन आमच्याबिगर लागलं नाही," हे वाक्य आठवड्यातून एकदा ऐकावंच लागे. माझ्या मामांनी त्यांना तेव्हा पाहिलेलं. मामा सांगत, की सरांच्या गिटारीची वायर कुठेच लावलेली नसे, ती त्यांच्या पँटच्या खिशात असे. पण माणूस उभा असा ऐटीत राहायचा, की मालकानं त्याला कधी काढलं नाही. मामांचं बोलणं अर्धं सोडून द्यावं लागतं, तरी उरलेलं अर्धंही पुरेसं आहे. ऑर्केस्ट्रानं सरांना एक गोष्ट मात्र नक्की दिली. वर्षानुवर्षं भोंग्यांशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले. हे ते मरेपर्यंत कबूल करणार नाहीत अशी आमची खात्री होती. "मले बराबर ऐकू येते," ते म्हणत. "लोकंच आजकाल दबून बोलून राहिले."

मग गिटारी सुरात कोण लावत होतं? वैशाली. सरांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली. आमच्या आधी ती माडीवर यायची, एकेक गिटार कानाशी घ्यायची, खुंट्या पिळायची, तार छेडायची आणि गिटारी भिंतीला टेकवून खाली निघून जायची. मागून सर येत, एका गिटारीवरून हात फिरवत आणि म्हणत, "वा! काल लावली, आज बी जशीच्या तशी!" हे सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या बियाणंवाल्यालासुद्धा. वैशाली गेली तर क्लास गेला, हेही ठाऊक होतं, आणि सर्वांत जास्त सरांना.

ते वऱ्हाडातल्या शेतीचे फार वाईट दिवस होते. शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी देईना. अशा दिवसांचाही उपयोग करून घेणारी माणसं असतात आणि आमचे सर त्यातले होते. वैशालीला स्थळ आलं की ते गंभीर चेहरा करायचे. "शेतीवाल्याच्या घरी पोरगी कशी देऊ? तिच्या जिवाचा विचार करा लागते." लोकांना ते पटायचं. विचारी बाप, असं म्हणून लोक चहा पिऊन जायचे. वलगावचं स्थळ असं गेलं, मोझरीचं गेलं. वरूडचे एक म्हातारबा मुलासाठी आले, त्यांनाही सरांनी ऐकवलं, "तुमच्या बागा तं वाळून राहिल्या म्हन्ते." म्हातारबांनी चपला घालता घालता उत्तर दिलं, "आमचे झाडं पान्याबिगर वाळले भाऊ. तुमी चांगल्या पोरीले काहून वाळवून राहिले?" सरांना ते ऐकू आलं नाही. निदान तसं त्यांनी दाखवलं.

मग गजानन आला. अकोल्याचा, शाळेत मास्तर, पगार दर महिन्याला, शेत एक एकरही नाही. वैशालीला तो पसंत होता आणि हे तिनं लपवलं नाही. सरांची मोठीच पंचाईत झाली. दोन दिवस त्यांनी वर्गात कोणाचा पाया कच्चा आहे असंसुद्धा म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी उपाय सापडला. "आमचं घर कलावंताचं हाय, गुरुजी. एक गानं पहिल्यापासून शेवटलोक वाजवून दाखवा. मंग पोरीचं बोलू. शिकवीन म्याच."

यातली मेख आम्हाला चांगली कळत होती. ज्या क्लासात कोणाचंच गाणं शेवटपर्यंत जात नाही, तिथे त्या माणसाला गाणं शेवटपर्यंत न्यायचं होतं. तरी गजानन दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की अकोल्याहून यायचा. इतकी लाकडी बोटं मी दुसरी पाहिली नाहीत. 'एफ' ही कॉर्ड एका बोटानं सगळ्या तारा दाबून धरायची असते. तिथे भले भले रडतात. गजानन दाबायचा, तेव्हा त्याचे कानसुद्धा लाल व्हायचे आणि गिटारीतून नुसतं 'ठक' यायचं. "गुरुजी, पाया कच्चा हाय," सर लोण्यासारखं बोलायचे. "पहिल्यापासून." त्या काळात सरांइतका सुखी माणूस अमरावतीत नसेल. मला त्यांचा इतका राग यायचा, की मी एकदा क्लास सोडायलाही निघाले होते. वैशालीनंच थांबवलं. "थांब व. म्या पाहतो काय करा लागते ते."

तिनं केलं ते असं. 'एफ'च्या वाटेला जायचंच नाही. तिनं त्याला त्याच्या शाळेतली रोजची प्रार्थना तीन सोप्या कॉर्डमध्ये बसवून दिली. मग एका शनिवारी, भर वर्गात, गजानन म्हणाला, "सर, वाजवतो." आणि वाजवलं. अडखळत, ओठ चावत, पण शेवटपर्यंत. संपल्यावर आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात सर म्हणाले, "बेसूर हाय."

दारात वैशाली उभी होती. "बाबा, गिटार म्या लावली हाय."

"मंग याचा हात बेसूर हाय," सर म्हणाले. "सूर कशाले म्हन्ते ते दाखवतो." आणि त्यांनी भिंतीची आपली गिटार उचलली.

त्या दिवशी वैशालीनं एकच गिटार लावली होती, गजाननची. सरांची तर तिनं आठवडाभर पावसाळी हवेत तशीच पडू दिली होती. सरांनी डोळे मिटले, एक पाय पुढे टाकला आणि ऑर्केस्ट्रातल्या ऐटीत वाजवायला लागले. पिठाच्या गिरणीत खडा गेल्यावर येतो तसा आवाज माडीभर झाला. त्यांची बोटं मात्र झरझर चालली होती. खिशातल्या वायरची गोष्ट खोटी होती, हे मला त्या दिवशी कळलं. संपवून त्यांनी डोळे उघडले आणि हसून म्हणाले, "याले म्हन्ते सूर."

कोणी हसलं नाही. हसलो असतो तर बरं झालं असतं. सरांनी एकेक चेहरा पाहिला. मग वैशालीचा पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती नजर खाली करत नव्हती. तिनं असं करायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तरी त्या चेहऱ्याकडे मला पाहवेना.

सरांनी गिटार हळूच भिंतीला टेकवली. "गुरुजी," ते म्हणाले, "घरच्यायले घेऊन या."

लग्न ऑर्केस्ट्राशिवाय लागलं. वैशाली अकोल्याला गेली आणि क्लास व्हायचा तसाच झाला. महिन्याभरात गिटारी अशा उतरल्या, की बियाणंवाला वर येऊन हात जोडून गेला. पोरं एकेक करून गळाली. मी शेवटपर्यंत होते, असं म्हणायला आवडलं असतं. मीही गेले.

पुढे एकदा एसटी स्टँडवर सर दिसले. अकोल्याच्या गाडीच्या रांगेत, खांद्यावर गिटार. मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, "सर, कार्यक्रम आहे का?"

"कायचा कार्यक्रम! गिटार उतरली व. वैशूकडून लावून आनतो. महिन्यातून दोन-तीन खेपा होतेतच."

मला राहवलं नाही. जुना राग अजून थोडा शिल्लक होता. "पण सर, गिटार उतरली हे तुम्हाला कळतं कसं?"

गाडी लागली होती, लोक धक्के देत होते. सर माझ्याकडे वळले. इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"कुठं कळते व बाई," ते म्हणाले. "घरून निंघतानी म्याच खुंट्या ढिल्या करून घेतो."