साफ केलेलं आकाश

मान सरळ, हनुवटी जरा खाली, हसू नका. एवढंच बोलून त्या फोटोवाल्याने उभी हयात काढली, म्हणून लोकांनी त्याचं नावच मानसरळ ठेवून टाकलं. बंदराच्या रस्त्यावर त्याचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ. पुढे स्टूल आणि पांढरा पडदा, मागे बिनखिडकीची खोली, आणि त्या खोलीत कॉम्प्युटरपुढे त्याची बायको. हा फोटो काढायचा, ती साफ करायची. मुरूम, डाग, सुरकुत्या, काही म्हणजे काही शिल्लक ठेवायची नाही. तिच्या हाताखालून गेलेला माणूस कसा, धुऊन इस्त्री केल्यासारखा दिसायचा!

पण मानसरळच्या जिवाला घोर वेगळाच. आपण कलावंत आहोत, हे त्याला एकदा मेहुण्याच्या तोंडून ऐकायचं होतं. हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, फोटोंच्या प्रदर्शनाचा चिटणीस आणि महाखवचट. दाजींची कला खिशात मावते, असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि चारचौघे हसायचे.

म्हणून मानसरळने थेट आकाशाला हात घातला. चंद्र नसलेली रात्र आली की स्कूटरला कॅमेऱ्याचा स्टँड बांधून गडी दीपस्तंभापलीकडच्या खडकांवर हजर. कधी ढग आडवे यायचे, कधी काचेवर दव. कधी सगळं जुळून यावं, तर नेमकी कुणाची तरी होडी दिवा मिरवत फोटोतून आरपार जायची. बायकोने दोनदा विचारलं, मीही येऊ का? तिथे बसायला जागा नाही आणि तुला त्यातलं काय कळतंय, असं म्हणून त्याने विषय मिटवला. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

अखेर प्रदर्शनाच्या तोंडावर फोटो साधला. खाली खडक, पुढे काळा समुद्र आणि वर चांदण्यांचा नुसता खच पडलेला. पहाटे घरी येऊन त्याने तो सवयीने रोजच्या फोल्डरात टाकला, सवयीनेच कॅमेऱ्यातलं कार्ड पुसलं आणि मेल्यासारखा झोपला. उठला तेव्हा उशीर झाला होता. बायकोने फोटो मोठ्या छपाईला पाठवूनही दिला होता. तिला शाबासकी देऊन त्याने छपाईवाल्याकडून परस्पर गुंडाळी उचलली आणि प्रदर्शनाचा हॉल गाठला.

तिथे मेहुण्यासमोर, चारचौघांच्या देखत, त्याने ती टेबलावर उलगडली. आकाश काळंकुळकुळीत, गुळगुळीत. बिचाऱ्या खडकांच्या सुरकुत्यासुद्धा गेल्या होत्या. वर कोपऱ्यात एकच पांढरा ठिपका राहिला होता.

मेहुण्याने फोटो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.

"दाजी, कॅमेऱ्याचं झाकण काढायचं राहिलं का?"

मानसरळ घरी आला तो धुमसतच. आकाशातलं काही पुसायचं असतं का, एवढी कशी गं तू, असं नाही नाही ते बोलला. ती ऐकत राहिली. फोल्डरात आलं की साफ करायचं, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणाली. तिला वाटलं, कॅमेऱ्यावर धूळ बसली. सकाळभर मान मोडून काढत होती. बंदराच्या दिव्यांत जन्मलेली ती, इतक्या चांदण्या तिने कधी बघितल्याच नव्हत्या.

"मग ही एक कशाला ठेवलीस?"

"ती खरी आहे. आपल्या गच्चीवरून दिसते."

अंधार पडल्यावर मानसरळने स्कूटर बाहेर काढली आणि तिला म्हणाला, चल.

खडकांवर अंधार गुडुप होता. तो कॅमेरा मांडायला लागला तशी ती एका सपाट खडकावर ऐसपैस बसली. हा खडक याच्या रोजच्या बसण्याचा. शेजारी आणखी एक माणूस मावेल एवढी जागा उरली होती. तिने वर पाहिलं आणि कितीतरी वेळ मान खाली केलीच नाही.

"हे सगळं मी पुसलं?"

"हो."

"मग आधी दाखवायचं होतंत ना मला."

ती रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. समोर फोटोचं यंत्र, वर सगळं आकाश, आणि मानसरळला मान काही वर करवेना.