पाण्यातून काढलेली गिटार

मी आयुष्यात एकच गिटार जोडली, आणि जोडायच्या आधी ती भिजवून दोरीवर वाळत घातली.

हे असं का झालं ते कळायला आधी माझा धंदा सांगायला हवा. मी शिंपी. वडील शिंपी, आजोबाही शिंपी. आमचे पूर्वज म्हैसूरला कधी आले हे घरात कुणालाच नक्की ठाऊक नाही, पण येताना विठ्ठल आणि कात्री घेऊन आले यावर सगळ्यांचं एकमत आहे. हिनकलला हुणसूर रस्त्यावर माझं दुकान आहे. गोकुलमला योग शिकायला येणाऱ्या परदेशी मंडळींचे पायजमे मीच शिवतो आणि त्यांनी पाय डोक्यामागे नेला तरी माझी शिवण उसवत नाही. (एकदा उसवली होती, पण तो माणूस पाय फारच मागे घेऊन गेला होता.) सांगायचं काय, की घट्ट, सैल, आखूड, लांब या विषयांत मला कुणी शिकवू नये असं मला तीस वर्षं वाटत आलं आहे.

आमची मुलगी मुक्ता कॉलेजात जाते. तिने गिटारचं किट मागवलं. म्हणजे खोक्यात अंग वेगळं, मान वेगळी, तारा वेगळ्या, आणि जोडायचं आपण. मी म्हटलं, "अगं, शिवलेला शर्ट मिळत असताना कापड कशाला घ्यायचं?"

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही शिंपी आहात. हे तुम्ही विचारू नये."

मी लगेच किटला पाठिंबा दिला.

ही गिटार साधी नव्हती. ती एकादशीच्या भजनात वाजायची होती. आमच्या देवळाच्या भजनी मंडळाचे प्रमुख म्हणजे माझे थोरले भाऊ, अण्णा. पेटी तेच वाजवतात, चुका तेच काढतात आणि प्रसाद तेच वाटतात. मुक्ता लहानपणापासून त्यांच्या मागे बसून टाळ वाजवत आली. तिने गिटारचं नाव काढलं तेव्हा अण्णा म्हणाले, "देवळात ते टिंगटिंग बेडा, नको. टाळ आहे, मृदंग आहे, मत्ते कशाला आणखी?" पोरीने सहा महिने त्यांची मनधरणी केली. शेवटी अण्णा म्हणाले, "आयतु, ठीक आहे. या एकादशीला एकदा वाजव. पण बरोबर वाजलं नाही तर पुन्हा नाव काढायचं नाही. अल्लवा?"

एकादशी रविवारी होती. गुरुवारपर्यंत मुक्ताने गिटारच्या अंगाला रंग दिला, तारांच्या खुंट्या बसवल्या, फक्त मान राहिली. गिटारच्या अंगाला वरच्या बाजूला एक चौकोनी खाच असते. मानेचा बुडखा त्या खाचेत बसवायचा आणि मागून चार स्क्रू आवळायचे. पण मान बसेना. अर्धी आत जायची आणि अडायची. मुक्ता पॉलिश पेपरने बुडखा घासायची, लावून बघायची, परत घासायची. दोन तासांत जेमतेम एक चिमूट भुसा निघाला.

शुक्रवारी तिला मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला मंड्याला जायचं होतं. निघताना तिने पिशवी खांद्यावर टाकली आणि मला म्हणाली, "शनिवारी दुपारी येते. थोडंच घासायचं राहिलंय. तुम्ही हात लावू नका, अप्पा."

"मी कशाला हात लावू?" मी म्हटलं. ती बस स्टॉपवर पोचली नसेल तोवर मान माझ्या मांडीवर होती.

मी गळ्यातली टेप काढून माप घेतलं. खाचेची रुंदी आणि बुडख्याची रुंदी अगदी सारखी! मला त्या कारागिराची कीव आली. शरीराएवढंच कापड कापलं तर माणसाने श्वास कुठे घ्यायचा? थोडं सैल ठेवायला नको? मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोरं कापड आपण तसंच शिवत नाही. आधी पाण्यातून काढतो, म्हणजे आटायचं तेवढं आटून घेतं. हे लाकूड कोरं होतं. ते कुणी पाण्यातून काढलंच नव्हतं!

मी बादली भरली. माझी बायको शारदा कोथिंबीर निवडत होती. तिने विचारलं, "अहो, काय करताय?"

"बुडखा आटवतोय."

"लाकूड आटतं होय? आपल्या न्हाणीघराचं दार पाणी लागलं की फुगतं. रोज लाथ मारून उघडता की."

"ते जुनं लाकूड. त्याचं आटून झालंय, म्हणून ते फुगतं. हे नवं आहे."

शारदाने माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यामुळे ती पुन्हा कोथिंबिरीकडे वळली. मी मान बुडख्याकडून बादलीत उभी केली आणि सवयीने मूठभर मीठ टाकलं. (पहिल्या पाण्यात मीठ टाकलं की रंग जात नाही. बुडख्याला रंग नव्हता, हे मला नंतर आठवलं.)

दुपारी मान बाहेर काढली आणि गच्चीवर दोरीला दोन चिमटे लावून टांगली. शेजारच्या राजम्मा पापड वाळवत होत्या. त्यांनी हातातला पापड तसाच धरून विचारलं, "एनु सार, गिटार ओगेदिद्रा?"

"हो, धुतली," मी म्हटलं. खरं कारण सांगायला सोपं नव्हतं.

संध्याकाळी मोठ्या आशेने मान खाचेला लावली. सकाळी अर्धी तरी जात होती. आता ती दारातच अडली. बुडखा न्हाणीघराच्या दारासारखा फुगला होता आणि वर लाकडाला काटे आले होते. शारदा कोथिंबीर संपवून तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून फक्त न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं.

खरं सांगतो, त्या क्षणी मी हबकलो. गिटार बिघडली एवढंच नव्हे, पोरीच्या सहा महिन्यांच्या मनधरणीवर मी एक बादली पाणी ओतलं होतं. अण्णा दुसरी संधी देणारे नव्हेत. शर्ट बिघडला तर दुसरं कापड आणता येतं. ही एकादशी दुसरी कुठून आणणार?

घाबरलेला शिंपी इस्त्रीकडे धावतो. शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी इस्त्री तापवली आणि बुडख्यावर फिरवायला घेतली. लाकूड करपू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं. म्हणजे वाळवायच्या लाकडाला पुन्हा पाणी पाजलं! हे लक्षात येईपर्यंत दोन बाजू होऊन गेल्या होत्या. मग फडकं टाकून दिलं, नुसती इस्त्री जवळ धरली, नंतर गच्चीवर उन्हात ठेवली. राजम्मांनी आज काही विचारलं नाही. फक्त आपले पापड आमच्या दोरीपासून जरा लांब सरकवले.

दुपारपर्यंत बुडखा बराचसा वाळला. मी काटे घासून काढले आणि पुन्हा लावून बघितलं. आता पुन्हा अर्धी मान आत जाऊ लागली. म्हणजे दोन दिवसांच्या मेहनतीने मी मुक्ताने जिथे सोडलं होतं तिथे परत येऊन पोचलो होतो. शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं.

पण पँटची चेन अडली की आम्ही तिच्यावर मेणबत्ती घासतो आणि ती सुळकन चालते. मी मेणबत्ती आणून बुडख्याच्या चारी बाजूंना घासली. खाच किती खोल आहे ते बघावं म्हणून टेपचं टोक खाचेत ठेवलं, आणि टेप काढायच्या आधी नुसता अंदाज घ्यावा म्हणून मान वरून टेकवली. तळहाताने हलकेच दाबली. जराशी आत गेली. आणखी दाबली. मग न राहवून कापड ठोकायची लाकडी ठोकणी घेतली आणि एक ठोका दिला.

टक् करून मान तळाला जाऊन बसली! इतकी चपखल, की फटीतून दोरासुद्धा जाणार नाही. मी आनंदाने "शारदे!" म्हणून हाक मारली आणि उठलो. तेव्हा कळलं की टेप माझ्या गळ्यात आहे, टेपचं दुसरं टोक गिटारच्या आत आहे, आणि गिटार माझ्या मागून येते आहे.

बरोबर त्याच वेळी मुक्ता दारात आली. केसांत लग्नातला गजरा, हातात लग्नातला नारळ. तिने आधी मला बघितलं, मग गिटारला, मग आमच्या दोघांच्या मधली टेप.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "बादलीजवळ मीठ का सांडलंय?"

मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने डोळे पुसले आणि मान धरून ओढून बघितली. हलेना. आम्ही दोघांनी ओढली. शारदाने मला मागून धरून ओढलं. मानेपेक्षा मीच जास्त हललो.

"आता ही काढायला गेलं तर फुटेल," मुक्ता म्हणाली. "उद्या भजन आहे. टेप कापायला लागेल."

ती टेप माझ्या वडिलांची होती. पिवळी, मऊ पडलेली, टोकाची पितळी पट्टी कधीच गळून गेलेली. दर दसऱ्याला आयुधपूजेत मशीन आणि कात्रीच्या शेजारी तिला हळदकुंकू लागतं. तिच्यावर कात्री चालवायची कल्पनाही मी कधी केली नव्हती. मुक्ताला ते माहीत होतं, म्हणून तिने कात्री माझ्यासमोर ठेवली, हातात दिली नाही.

मी कात्री उचलली. वडिलांची मनातल्या मनात माफी मागितली आणि मानेलगत टेप कापली. एक आणि दोन हे आकडे गिटारच्या आत गेले ते गेलेच. बाहेर जेमतेम एक पिवळी कड राहिली.

मुक्ताने मागून चार स्क्रू आवळले, तारा चढवल्या, सुरात लावल्या, आणि एकेक तार दाबून वाजवत वरपासून खालपर्यंत गेली. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. "अप्पा, अशा किटमध्ये तारा कुठेतरी मानेवरच्या पट्ट्यांना घासून खरखरतात. मग लोक मान काढून खाली खेळायच्या पत्त्याचा तुकडा घालतात." तिने परत एक तार छेडली. आवाज स्वच्छ आला. "आपल्या गिटारमध्ये आजोबांची टेप आहे."

"म्हणजे मी बरोबर केलं?"

"नाही," मायलेकी एकदम म्हणाल्या.

रविवारी देवळात वाद्यं नेहमीप्रमाणे आधी विठ्ठलापुढे ठेवली. अण्णा प्रत्येक वाद्याला बुक्का लावत लावत गिटारपाशी आले आणि चष्मा वर करून वाकले. मला म्हणाले, "सदू, हे पिवळं काय?"

मी मुक्ताकडे बघितलं.

"टेप," मुक्ता म्हणाली.

"बाबांची टेप? कापलीस?" अण्णांचा आवाज चढला. मृदंगवाला वळून बघू लागला.

"थोरले अप्पा, दोनच इंच आत आहे," मुक्ता म्हणाली. "ती नसती तर तारा खरखरल्या असत्या."

अण्णांनी त्या पिवळ्या कडेवर बोट फिरवलं. मग बुक्क्याची चिमूट गिटारला लावली आणि तेच बोट त्या कडेलाही लावलं. "बस," ते म्हणाले, "माझ्या पेटीजवळ बस. पट्टी काळी दोन आहे. चुकू नको."

ती चुकली नाही. दुसऱ्या अभंगाला अण्णांनी पेटी थांबवली आणि तिला एकटीला वाजवू दिलं. टाळ आणि ती गिटार, एवढंच. मला पुढचं नीट दिसेना, कारण माझ्या डोळ्यांत मेणबत्ती गेली असावी. प्रसाद वाटताना अण्णा म्हणाले, "पुढच्या एकादशीलाही आण." आणि मला म्हणाले, "पोरगी हुशार आहे. तुझ्यावर गेली नाही."

मी इतका भारावलो, की म्हटलं, "अण्णा, पुढच्या एकादशीला तुम्हाला माझ्याकडून नवा शर्ट." तिथेच टेप काढून गळ्याचं माप घेतलं. टेप मी टाकून दिली नव्हती. शारदाने कापलेलं टोक दुमडून शिवून दिलं होतं. टेपवर आता पहिला आकडा तीन होता, म्हणून प्रत्येक मापातून दोन इंच वजा करायचे, एवढीच गोष्ट लक्षात ठेवायची होती. ती मी सगळ्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत लक्षात ठेवली. अण्णांच्या वेळी डोळे भरून आले होते.

पुढच्या एकादशीला अण्णा नवा शर्ट घालून पेटीवर बसले. कॉलरची गुंडी लावली होती, तरी कॉलरमधून त्यांच्याबरोबर आणखी एक लहान अण्णा सहज डोकं बाहेर काढू शकले असते. सगळं मंडळ माझ्याकडे बघत होतं. मुक्ता गिटार मांडीवर घेऊन माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "अप्पा, काळजी करू नका. पाण्यातून काढा, आटेल."

मी काढला. मीठसुद्धा घातलं. टेरिकॉट होतं, सूतभरही आटलं नाही.