पुड्या बांधायचं शिक्षण

काकूच्या भाचीचा साखरपुडा आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी झाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी माझा मेडिसिनल केमिस्ट्रीचा पेपर होता. घर काकांचं. मी गावाहून बी. फार्मसीला आलेली त्यांची पुतणी, म्हणजे राहणं-जेवण फुकट आणि त्या बदल्यात पडेल ते काम. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. त्या दिवशी मात्र मी काकांना विचारलं, आज मला गच्चीवर वाचत बसू द्याल का. काकांचं छावणी भागात मेडिकल दुकान होतं, त्यामुळं औषधातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज. ते भर पाहुण्यांत हसले.

"आमची डाक्टरीण बघा! चार वर्षं लावून पुड्या बांधायचं शिकायलीय. त्याला कशाला लागतंय लई वाचायला?"

बैठक खदाखदा हसली. सगळ्यात मोठ्यानं हसला काकूचा भाऊ. मी वाढलं, ताटं उचलली, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी पेपर कोराच देऊन आल्यासारखा गेला. निकालात तेवढा एक विषय राहिला आणि काकांनी बाबांना फोन लावला. "पोरीला झेपत नाय. आणखी एकदा नापास झाली तर घेऊन जा, लगीन लावून टाकू."

मी शेजारीच उभी होते. बाबा तिकडून "बरं" म्हणाले, तेही मला ऐकू आलं. राग गिळावा म्हणतात. मी गिळला नाही, लोणच्यासारखा मुरत ठेवला.

पुढच्या सत्रात पाच विषय होते आणि वर हा राहिलेला सहावा. सकाळी तास, दुपारी प्रॅक्टिकल, मधल्या वेळेत जर्नल पूर्ण करायचं. वर्गातल्या मुली रडकुंडीला आल्या होत्या, आणि त्यांना तर घरी गेल्यावर आयतं ताट मिळत होतं. माझ्याकडं वेळ नव्हता, डूख होता. डूख असला की वेळ कुठूनही निघतो. ज्या कामाला फक्त हात लागतात ते प्रत्येक काम मी एकेका विषयाला जुंपलं. भाकरी थापताना रक्तदाबावरचे बीटा ब्लॉकर: प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, एका थापेला एक नाव. खरं सांगते, परातीतल्या पिठाच्या जागी मला काकांचा गाल दिसायचा. माझ्या भाकऱ्या तेव्हा कागदासारख्या पातळ व्हायला लागल्या. काकू कौतुकानं म्हणाली, "हात बसला गं तुझा."

इंडस्ट्रियल फार्मसीच्या प्रॅक्टिकलला मी केलेल्या गोळ्यांचा भुगा व्हायचा. गोळी घट्ट धरून ठेवणारी स्टार्चची खळ नीट शिजत नाही, असं सर सांगायचे, पण ती कॉलेजात एकदाच करायला मिळायची. घरी काकांचे पांढरे शर्ट होते, त्यांना कडक खळ लागायची. दर रविवारी मी ती वेगवेगळ्या दाटपणाची करून बघितली. एका रविवारी शर्ट इतके ताठ झाले की काकांची मान कॉलरमध्ये वळेना. त्यांना वाटलं, पोरीला काम जमत नाही. पुढच्या प्रॅक्टिकलला माझी गोळी टेबलावर आपटली तरी फुटली नाही.

राहता राहिला औषधांच्या कायद्याचा विषय. तो सगळ्यांचा नावडता. आदल्या दिवशी रट्टा मारायचा, लिहून मोकळं व्हायचं. मीही तसंच करणार होते. पण चाळता चाळता एक ओळ दिसली: डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणी असलेल्या फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायची. मी तिथंच थांबले. काकांच्या दुकानात भिंतीवर ज्याचं सर्टिफिकेट टांगलेलं होतं तो माणूस वाळूजला एका कंपनीत पाळीवर जायचा. काका त्याला दरमहा भाडं द्यायचे, माणसाचं नव्हे, कागदाचं. आमच्याकडं ही रीत लई जुनी. मी तो विषय एखाद्या आवडीच्या गोष्टीसारखा वाचून काढला. कलमं पाठ केली, कपबशा विसळताना घोकली. मला माझं हत्यार सापडलं होतं, पण ते हातात यायला आधी सहाच्या सहा विषय सुटायला हवे होते.

सुटले. निकालाच्या दिवशी काका "बरं झालं" एवढंच म्हणाले. त्यानंतर शेवटच्या वर्षापर्यंत एकही विषय मागं ठेवला नाही, आणि यथावकाश नोंदणीचं सर्टिफिकेट हातात आलं.

नेमकं तेव्हाच वाळूजचा माणूस पुण्याला गेला आणि आपला कागद घेऊन गेला. काकांनी पेढे आणले. बाबांना गावाहून बोलावलं, काकूचा भाऊही होता. काका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "घरचीच पोरगी हाय, आता बाहेरचं सर्टिफिकेट कशाला? आपल्या भिंतीला लावू. तू आरामात घरी बस."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पेढा खाल्ला, बोटं पुसली. "लावा की, काका. पण कागद एकटा येत नसतो. जिथं तो, तिथं मी. उद्यापासून दुकानात मी बसणार, पगारावर, आणि चिठ्ठीचं औषध माझ्या हाताखालून जाणार. कायदाच आहे तसा."

"कायदा आम्हाला शिकवायलीस व्हय?"

"तुम्हीच शिकवलंत, काका. झेपत नाही म्हणालात ना."

काकांनी बाबांकडं बघितलं. बाबा माझ्याकडं बघत होते. ते सावकाश म्हणाले, "बरोबर बोलायलीय पोरगी." काकांसमोर त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुकानातल्या पहिल्याच आठवड्यात काकूचा भाऊ आला. झोपेच्या गोळ्या हव्या होत्या, चिठ्ठी नव्हती. मी नाही म्हणाले. त्यानं माझ्या डोक्यावरून काकांना हाक मारली, "दाजी, द्या की! घरचंच दुकान हाय."

काका गल्ल्यापाशी बसले होते. त्यांनी वर बघितलंच नाही. "तिला इचार बाबा."

दुसऱ्या दिवशी तो मुकाट्यानं डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आला. मी ती नीट वाचली. गोळी कधी घ्यायची, किती दिवस घ्यायची, दारूबरोबर का घ्यायची नाही, हे त्याला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं आणि त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग पट्टीतल्या मोजून गोळ्या कापल्या आणि मागं वळून सरकवल्या.

"काका, पुडी बांधा."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. काकांनी कागद घेतला, चारी कोपरे दुमडले आणि पुडी बांधली. छान बांधली, इतक्या वर्षांचा हात होता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी पुढची चिठ्ठी हातात घेतली.