सुनंदाबाईंनी स्वतः दाबलेलं बटन

मंडळी, मतदानाची ड्यूटी आटोपून आत्ताच मोहाडीला घरी आलो. थकलोय, पण हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं केंद्र बपेऱ्याकडच्या एका गावात होतं. दुपारी साठीच्या सुनंदाबाई आल्या. त्यांना अजिबात दिसत नाही. सोबतचे दीर म्हणाले, "सर, वहिनीचं बटन दरवेळेस मीच दाबतो."

सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या, "या टायमाले मी सोताच दाबीन, भाऊजी. तुमी भायेर थांबा."

"काहून? माह्यावर भरोसा नाही का?"

"भरोसा हाय. पन मत माहं हाय."

मी उमेदवारांच्या नावांचा ब्रेल कागद दिला आणि वाचता येतं का, विचारलं. त्या म्हणाल्या, "भाचीनं शिकवलं. तिलेबी दिसत नाही."

सगळी नावं त्यांनी बोटांनी सावकाश वाचली. मग एकट्याच मशीनजवळ गेल्या; तिथे बटनांशेजारीही ब्रेल आकडे असतात. मशीनचा लांब आवाज आला. इतक्या निवडणुका केल्या, पण तो आवाज एवढा मोठा कधी वाटला नव्हता.

"सर, लागलं ना माहं मत?" त्यांनी विचारलं.

"लागलं, बाई." मी म्हणालो.

तुमच्या घरात कुणाचं बटन दुसराच कोणी दाबत नाही ना?